मेथीला तीन पाणी, भेंडीला फडकं

डोंबिवलीत मी डबे देते, रोज २२. काही वर्षांपूर्वी एका डब्यावरून फोन आला, "काकू, फ्लॉवरच्या रश्श्यात अळी निघाली." त्या घरी पुढे महिनाभर लाजेने फ्लॉवर पाठवला नाही. तेव्हापासून भाजी धुण्याचं काम कामाच्या बाईवर सोडत नाही.

फ्लॉवरचा अख्खा गड्डा नळाखाली धरून काही होत नाही, अळी देठाच्या बेचक्यात बसलेली असते. आधी तुरे सुटे करा. मोठ्या पातेल्यात कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ, आणि तुरे दहा मिनिटं बुडवून ठेवा. अळ्या सुटून वर येतात. मग साध्या पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर भाजी खारट. मी चिमूटभर हळदही टाकते, पण ती सासूबाई टाकायच्या म्हणून.

आमच्या बिल्डिंगमध्ये दोन घरांत कोबी येतच नाही, "अळी मेंदूत जाते" म्हणून. ती हिरवी अळी पतंगाची. चुकून शिजली तर किळस येईल, मेंदूत वगैरे जात नाही. मेंदूपर्यंत पोचतो तो पट्टकृमी. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून, घाण पाण्यातून पाल्यावर येतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक आणि माठ लोकलच्या दारातून आपण पाहिलेला आहेच. शिजवल्यावर ही अंडी मरतात. म्हणून रश्श्यातल्या कोबीपेक्षा कोशिंबिरीतल्या कोबीची मला जास्त काळजी. वरची दोन-तीन पानं काढून टाका, आतली सुटी करून वाहत्या पाण्याखाली एकेक चोळा, आणि मगच चिरा.

आता मेथी. जुडी सोडा, मुळं कापा, निवडून घ्या. परातीत नको, खोल पातेलं घ्या. पाला बुडेल एवढं पाणी, त्यात हाताने हलकेच ढवळा आणि दोन मिनिटं तसाच राहू द्या, माती तळाला बसते. मग पाला दोन्ही हातांनी वर उचलून चाळणीत काढा. इथेच बहुतेक जण चुकतात: पातेलं चाळणीत उपडं करतात आणि तळाची सगळी रेती पुन्हा पाल्यावर. पातेलं विसळा, नवं पाणी घ्या, पुन्हा तेच. पावसाळ्यात चार पाणी लागतात, एरवी तीन. शेवटच्या वेळी पातेल्याच्या तळाशी बोट फिरवा. कचकच लागली की अजून एक पाणी. आमच्याकडे पाणी तासभरच येतं, त्यामुळे पहिलं गढूळ पाणी मी कुंड्यांना घालते.

कुठलीही भाजी आधी धुवायची, मग चिरायची. चिरून धुतली की क आणि ब जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात. बटाटासुद्धा सोलायच्या आधी धुवा, सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. भेंडी धुऊन फडक्याने एकेक कोरडी पुसा, ओली चिरलीत तर कढईत तार सुटलीच समजा.

२०२० मध्ये आमच्या मजल्यावर लोक टोमॅटो साबणाने धूत होते. असं करू नका, साबण सालीत मुरतो आणि पोटात जातो. फवारणीची धास्ती असेल तर पाण्यात खायचा सोडा घालून टोमॅटो-काकडी पंधरा मिनिटं ठेवा आणि स्वच्छ धुवा. वरवरचं औषध बरंच निघतं, आत मुरलेलं नाही.

कोथिंबीर मात्र आणल्या आणल्या धुऊ नका, ओली राहून दोन दिवसांत काळी पडते. मुळं कापून सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, आणि डाळीला फोडणी बसली की लागेल तेवढीच काढून धुवा.