हाती आलेला स्फटिक खनिज आहे का, हे कसे ठरवावे?

एखादा पदार्थ नितळ, पैलूदार आणि चकचकीत दिसला की त्याला लगेच खनिज म्हटले जाते. वास्तविक स्फटिकरूप, म्हणजे अणूंची नियमित मांडणी, ही खनिजाची केवळ एक अट आहे, आणि तीही बाहेरून दिसणाऱ्या आकारावर अवलंबून नसते. खरा वाद होतो तो बहुधा पदार्थाच्या उत्पत्तीवरून. म्हणून तपासाची सुरुवात तेथूनच करावी.

मिठाचेच पाहा. बशीत मिठाचे संपृक्त द्रावण ठेवून ते सावकाश आटू दिले, तर तळाशी चौकोनी खडे धरतात. भिंगाखाली त्यांच्या कडा काटकोनात मिळालेल्या दिसतात आणि काहींच्या पृष्ठांवर मध्याकडे उतरत जाणाऱ्या पायऱ्याही आढळतात. खडा फोडला तरी तुकडे काटकोनीच निघतात, कारण त्याचे पाटन (ठराविक सपाट पातळ्यांवर फुटणे) परस्परांना लंब असलेल्या तीन दिशांना होते. खाऱ्या सरोवराच्या काठी आपोआप तयार झालेल्या हॅलाइटमध्येही, म्हणजे नैसर्गिक मिठातही, नेमके हेच दिसते. दोन्हींचे रासायनिक विश्लेषण केले किंवा क्ष-किरणांनी अणूंची मांडणी तपासली, तरी फरक सापडत नाही. असे असूनही सरोवराकाठचे हॅलाइट खनिज ठरते आणि बशीतले मीठ ठरत नाही. आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटनेच्या आयोगाने १९९५ मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार खनिज म्हणजे भूवैज्ञानिक प्रक्रियांतून तयार झालेले, सामान्यतः स्फटिकी असलेले मूलद्रव्य किंवा संयुग होय. याच न्यायाने आकाशातून पडणारा हिमकण खनिज आहे, शीतकपाटातला बर्फ नाही. आणि भट्टीत घडवलेले माणिक कितीही अस्सल दिसले तरी ते खनिजांच्या यादीबाहेरच राहते.

सीमेवरची उदाहरणे मात्र अवघड असतात. ग्रीसमधील लॉरियन येथे प्राचीन काळी चांदी-शिसे गाळून उरलेली मळी (धातुमळी) समुद्रात गेली आणि खाऱ्या पाण्याशी तिची शतकानुशतके अभिक्रिया होऊन लॉरियोनाइटसारखी शिशाची क्लोराइडे तयार झाली. मळी माणसाची, अभिक्रिया निसर्गाची! पूर्वी अशा पदार्थांना खनिज म्हणून मान्यता मिळाली आणि ती काढून घेतलेली नाही. नव्याने सापडणाऱ्या तशा पदार्थांना मात्र आता ती दिली जात नाही. ही तडजोड तर्काला फारशी पटणारी नाही, पण रूढ झालेली नावे उखडण्यापेक्षा बरी.

उत्पत्ती नैसर्गिक ठरली की आतील रचना पाहावी. नदीत घासून गोल झालेल्या गारगोटीला एकही पैलू नसतो, तरी तिच्यातील क्वार्ट्झचे अणू नियमित मांडणीत असतात. उलट, ज्वालामुखीतून आलेली ऑब्सिडियन ही नैसर्गिक काच असून तिच्या अणूंना तशी मांडणी नसते, त्यामुळे ती खनिज नव्हे. दोन्हींचे भंजन शंखाभ असल्याने, म्हणजे दोन्ही शिंपल्यासारख्या वक्र पृष्ठांनी फुटत असल्याने, फुटलेल्या कडेवरून निर्णय करू नये. त्याऐवजी पातळ, पारदर्शक चकती एकमेकांशी काटकोनात धरलेल्या दोन ध्रुवणकारी (प्रकाशाची कंपने एकाच दिशेत जाऊ देणाऱ्या) पट्ट्यांमध्ये ठेवून फिरवावी. काच सर्व स्थितींत काळीच राहते. क्वार्ट्झ बहुतेक दिशांनी कापलेले असल्यास एका फेऱ्यात चार वेळा उजळते आणि चार वेळा विझते. येथे एक सावधगिरी हवी: हॅलाइटसारखे घनीय, म्हणजे अणूंची घनाकार मांडणी असलेले, स्फटिकही काचेप्रमाणेच काळे राहतात. अशा वेळी क्ष-किरण विवर्तनाशिवाय (क्ष-किरणांनी अणूंची मांडणी तपासल्याशिवाय) खात्री होत नाही.

रासायनिक संघटन ठराविक असावे, पण ते तंतोतंत स्थिर असण्याची गरज नाही. ऑलिव्हिन या खनिजामध्ये मॅग्नेशियम आणि लोह एकमेकांची जागा घेतात. मात्र केवळ सूत्रावरून ओळख पटवू नये. कॅल्साइट आणि ॲरागोनाइट ही दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच असल्याने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात दोन्ही फसफसतात, पण मांडणी वेगळी असल्याने ती दोन स्वतंत्र खनिजे आहेत. कॅल्साइटचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.७१, तर ॲरागोनाइटचे सुमारे २.९३ असते.

नमुना उचलतानाच तो कोठे, कोणत्या खडकात आणि कशाच्या सान्निध्यात मिळाला याची नोंद करावी. कोळशाच्या थरात आढळणारे व्हेवेलाइट हे खनिज आणि मूत्रपिंडात होणारा एक प्रकारचा खडा हे दोन्ही तेच कॅल्शियम ऑक्झलेट असते. चिठ्ठी हरवली, तर डबीतला तुकडा यांपैकी कोणता हे प्रयोगशाळेलाही सांगणे कठीण जाते.