पोत्याचं वजन विचारा: शेतीतलं उत्सर्जन मोजायला येणाऱ्यांसाठी

मी मूळची खटाव तालुक्यातली. कराडच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली, मग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र केलं. आता वेगवेगळ्या देशांच्या शेतीतून बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंचे आकडे तपासून शेजारी शेजारी मांडायचं काम करते. दरवर्षी निकाल लागले की सातारा-सांगलीकडची मुलंमुली फोन करतात, "ताई, यात नेमकं काय करावं लागतं?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

देशभरच्या शेतांवर कोणी यंत्रं लावून बसलेलं नसतं. रानात बंद पेटी ठेवायची, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे हवेतले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायची, अशी मोजणी होते. पण निवडक ठिकाणीच. देशाचा आकडा निघतो गुणाकारातून. जनावरं किती, नत्र किती, भाताखाली रान किती, आणि त्या प्रत्येकाचा उत्सर्जन गुणांक, म्हणजे त्या एकेकामागे किती वायू सुटतो तो आकडा, किती. गुणांक आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेत आहेत, २०१९ मध्ये त्यांत सुधारणा झाली. शेतीसाठी चौथा खंड बघा, मोफत मिळतो. पहिले दोन महिने त्यालाच द्या.

युरियाचं एक पोतं घ्या. ४५ किलो, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. यातलं १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडतं असं २००६ चा गुणांक धरतो. ते झालं ०.२०७ किलो. पण हे नुसतं नत्राचं वजन. वायूचं वजन काढायला ४४ भागिले २८ ने गुणायचं. नवख्यांचं हिशेबात सगळ्यात जास्त इथेच चुकतं. उत्तर येतं ०.३२५ किलो. हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २६५ पट तापवतो असं धरतात, म्हणून त्याला २६५ ने गुणलं की सुमारे ८६ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. (आमच्याकडे २६५ म्हटलं की पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची फुले २६५ ही उसाची जात आठवते. मला हा आकडा त्यामुळेच कायमचा पाठ झाला.)

२०१९ च्या सुधारणेत रासायनिक खतासाठी ओल्या आणि कोरड्या हवामानाचे गुणांक वेगळे केले: १.६ आणि ०.५ टक्का. उष्ण कटिबंधात वर्षाला १००० मिलिमीटरहून जास्त पाऊस असेल तर ओलं. आता सातारा जिल्हाच डोळ्यांसमोर आणा. महाबळेश्वर एका बाजूला, माण दुसऱ्या बाजूला. तेच पोतं तिकडे १३८ किलो, इकडे ४३. एका जिल्ह्यात एवढं अंतर पडतं, तर सगळ्या देशाला एकच गुणांक लावलेल्या तक्त्यावरून कुठला देश चांगला, कुठला वाईट हे ठरवायची घाई करू नका.

गुणांकाइतकीच मूळ माहितीही जपावी लागते. वाळवा तालुक्यात एका सर्वेक्षणात उसाच्या बांधावर काकांना विचारलं, "युरिया किती टाकला?" "एकरी सहा पोती." मी फॉर्मवर ३०० किलो लिहिलं आणि पुढे गेले. २०१८ पासून पोतं ५० किलोचं राहिलेलं नाही, हे आठवड्याने लक्षात आलं. २७० चे मी ३०० केले होते आणि माझ्या प्रत्येक फॉर्मवर तीच चूक होती. सगळे पुन्हा तपासावे लागले. काकांकडे परत गेले तेव्हा त्यांनी गोठ्याच्या भिंतीला टांगलेलं रिकामं पोतं काढून त्यावरचा छापील आकडा दाखवला. तेव्हापासून मी आधी पोतं बघायला मागते.

दुसरी चूक माझ्या पहिल्या नोकरीतली. दोन देशांचं जनावरांचं उत्सर्जन शेजारी ठेवलं आणि एकाचं भरमसाट जास्त असल्याचा निष्कर्ष लिहिला. एका अहवालात मिथेनला २१ ने गुणलेलं होतं, दुसऱ्यात २८ ने. आयपीसीसीच्या दुसऱ्या अहवालात २१, चौथ्यात २५, पाचव्यात २८. तोच एक टन मिथेन, पण कागदावर तिसऱ्या हिश्श्याने वाढलेला. पॅरिस करारानुसारच्या अहवालांत पाचव्याचेच आकडे वापरायचे आहेत, जुन्या अहवालांत मात्र तसं नाही. म्हणून आधी वायूचे टन घ्या आणि गुणाकार स्वतः करा. शिवाय ट्रॅक्टरचं डिझेल देशाच्या अहवालात ऊर्जेत धरतात आणि युरियाचा कारखाना उद्योगात. 'शेती' या शब्दात काय आलं आणि काय नाही ते दर वेळी बघा.

गाईंचा तक्ता मला सगळ्यात बोलका वाटतो. २००६ च्या मार्गदर्शिकेत उत्तर अमेरिकेतली दुभती गाय वर्षाला १२८ किलो मिथेन सोडते, भारतीय उपखंडातली ५८. पण तिकडचं दूध ८४०० किलो, इकडचं ९००. गाईमागे बघितलं तर आपण कमी, किलोभर दुधामागे चौपट. दोन्ही आकडे खरे आहेत, दोन्ही सांगायला हवेत. आणि कराड-इस्लामपूरकडच्या गोठ्यांतली एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय ९०० किलो दुधात बसतच नाही. तिच्यासाठी वजन, चारा आणि पचन यांवरून काढायची दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे टिअर २ ची पद्धत लागते. म्हणून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांनी या कामात यावं असं मला मनापासून वाटतं.

बाकी तयारी फार नाही. एक्सेल पक्कं हवं, मग आर किंवा पायथन यांपैकी एक संगणकभाषा. एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची, फाओस्टॅट ही माहिती खुली आहे. दोन देश निवडून तिथले आकडे त्यांच्या स्वतःच्या अहवालांशी ताडून बघा आणि फरक कुठून आला ते दोन पानांत लिहा. मुलाखतीला ती दोन पानं घेऊन जा.

त्या काकांनी निघताना विचारलं होतं, "पोरी, पाचट न जाळता सरीत ठेवलं तर तुझ्या कागदावर दिसंल का?" बांधावर बसूनच हिशेब केला. ठोकळ गुणांकाने हेक्टरी साडेसहा टन पाचट जळतं धरलं, तर मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मिळून सुमारे ६१० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम, म्हणजे एकरी अडीचशेच्या आसपास. कुजताना थोडा नायट्रस ऑक्साइड सुटतो, तो यातून वजा करावा लागेल, हेही सांगितलं. काकांनी तो आकडा खताच्या पावतीमागे लिहून खिशात ठेवला.