जर्मनीत मैत्रिणीकडे वीकेंडला जाताय? या चुका टाळा

दर ऑक्टोबरला आपल्याकडून शिकायला नवी मुलं जर्मनीत येतात. पहिले काही दिवस नोंदणी, बँक आणि विमा यांतच जातात. मग पहिला मोकळा शनिवार-रविवार दिसला की प्रत्येकाला दुसऱ्या गावातल्या आपल्या माणसाकडे जायचं असतं. जावंच. परक्या देशात दोन दिवस मराठीत मनसोक्त बोलायला मिळणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर दरवर्षी तेच ते घोटाळे ऐकून जीव हळहळतो. शनिवारी दुपारी पोचायचं आणि रविवारी संध्याकाळी निघायचं, म्हणजे हाताशी जेमतेम तीस तास. त्यातले चार भलत्याच फलाटावर घालवायचे नाहीत.

गाडीचा नंबर पाहिला, डबा पाहिला नाही

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगते. माझा पहिला नोव्हेंबर. मी आउग्सबुर्गला, मैत्रीण म्युनिकजवळच्या फ्रायसिंगला. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचा वाइहेनश्टेफानचा परिसर तिथे आहे, आणि ती तिथे अन्नतंत्रज्ञान शिकत होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत तिचं कॅफेतलं काम असायचं. मी सातला पोचायचं, तिने स्टेशनवर यायचं, दोघींनी मिळून बाजार करायचा आणि घरी जाऊन पिठलं-भात करायचा, असं ठरलं होतं.

आउग्सबुर्ग ते म्युनिक हा पाऊण तास नीट पार पडला. म्युनिकच्या मुख्य स्टेशनात खाली एस-बानच्या, म्हणजे उपनगरी लोकलच्या, फलाटावर गेले. एस1 आली, फलाटावरच्या पाटीवर फ्रायसिंग दिसलं, समोर जे दार आलं त्यातून आत शिरले आणि आईला फोन लावला. ही एस1 नॉयफार्न स्टेशनात दुभंगते. एक भाग फ्रायसिंगला जातो, दुसरा विमानतळाला. तशी घोषणाही होते. मी आईशी बोलत होते. फोन ठेवून उतरले तेव्हा आजूबाजूची माणसं मोठमोठ्या बॅगा ओढत निघाली होती, आणि मी विमानतळावर होते.

तिथून 635 नंबरची बस फ्रायसिंगला जाते, हे शोधून काढण्यात, थांबा सापडण्यात आणि बसची वाट पाहण्यात वेळ गेला. पोचले तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मैत्रीण तासाभरापासून थंडीत उभी होती. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अगं, दुकानं बंद झाली."

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. चढण्याआधी त्या डब्यावरची पाटी वाचायची, आत गेल्यावर पडद्यावर पुन्हा पाहायचं, आणि नॉयफार्नच्या आधी इअरफोन काढून फोन खिशात ठेवायचा. चुकीच्या भागात बसलो हे तिथे कळलं तर खाली उतरून फलाटावरून दुसऱ्या भागात जायचं. आतून जाता येत नाही, कारण जोडलेल्या दोन गाड्यांमध्ये वाट नसते. गाडी सुटी होईपर्यंत थोडा वेळ थांबते, तेवढा पुरतो. आणि खरं सांगायचं तर मी आता म्युनिकहून प्रादेशिक गाडीनेच जाते. ती फ्रायसिंगला साधारण पंचवीस मिनिटांत पोचते आणि वाटेत तुटत नाही. दुभंगणाऱ्या गाड्या बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, इतरत्रही आहेत. म्युनिकहून टेगर्नझे किंवा बायरिशझेलला जाणारी गाडीही वाटेत वेगळी होते. नवी मुलं ॲपमध्ये फक्त नंबर आणि वेळ पाहतात. त्याखालची ओळ वाचायला पाच सेकंद लागतात, आणि तेवढाही धीर नसतो याचा मला राग येतो.

रविवार

बव्हेरियात दुकानं रात्री आठला बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत. हे सगळ्यांना सांगितलेलं असतं, तरी आपल्याकडची कोपऱ्यावरच्या वाण्याची सवय जात नाही. त्या रात्री मैत्रिणीच्या घरात तांदूळ, अर्धा लिटर दूध आणि दोन अंडी होती. माझ्या बॅगेत आईने दिलेलं मेतकूट आणि लोणचं होतं. बेसन बाजारातून घ्यायचं होतं, म्हणजे पिठलं गेलं. मेतकूट-भात जेवलो आणि तो गोडही लागला. पण रविवारी दुपारी पुन्हा तोच प्रश्न. शेवटी आदल्या दिवशी चुकून पाहिलेला विमानतळच कामी आला, कारण तिथलं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. पुन्हा बस, पुन्हा विमानतळ, दोन तास गेले. तिला मला वाइहेनश्टेफानची टेकडी दाखवायची होती, जिथली ब्रुअरी 1040 पासूनची परंपरा सांगते. ते राहून गेलं.

म्हणून पाहुण्याने सामान आपल्या गावातूनच घेऊन जावं. यजमानाला "काय आणू?" विचारलं तर तो "काही नको" म्हणणार. मी विचारत नाही. डाळ, बेसन, कांदे, कोथिंबीर आणि ब्रेड घेते. म्युनिकला गाडी बदलायची असेल तर मुख्य स्टेशनाच्या दक्षिणेकडच्या गल्ल्यांत भारतीय किराणा मिळतो, तोही शनिवारीच घ्यावा. घरून पार्सल मागवणाऱ्यांसाठी एक सांगते: तूप, पेढे असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून आणायला किंवा मागवायला बंदी आहे. चकली आणि मेतकूट मागवा.

तिकीट

डॉइचलँडतिकीट हा देशभर चालणारा महिन्याचा पास. तो 2023 मध्ये 49 युरोला सुरू झाला, 2025 मध्ये 58 झाला, 2026 पासून 63. बव्हेरियातल्या विद्यार्थ्यांना सवलत आहे, ती घ्या. हे तिकीट प्रादेशिक गाड्या, एस-बान, मेट्रो आणि बसला चालतं. आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना ते चालत नाही. "एकच तर स्टेशन आहे, कोण तपासतंय" हे मी ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांतल्या दोघांना 60 युरो भरावे लागले, आणि मला त्यांची दया आली नाही. डॉइचलँडतिकीट दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. महिनाअखेर बंद करायचं असेल तर 10 तारखेपर्यंत रद्द करा. म्युनिकच्या एस-बानचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीटच नाही.

फोडणी

पाहुणी हौसेने म्हणते, "आज मी करते गं." हेतू चांगलाच असतो. गेल्या डिसेंबरात एक ज्युनियर माझ्याकडे आली होती. तेल धुरावेपर्यंत तापवलं, सुक्या मिरच्या टाकल्या, ठसका उठला, आणि धूर घालवायला तिने स्वयंपाकघराचं दार उघडलं. हीच ती चूक. आमच्या वसतिगृहात व्हरांड्यातला अलार्म सगळ्या इमारतीला जोडलेला आहे. रात्री पावणेदहाला सगळे मजले जिन्याने खाली उतरले. काहींच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा होत्या. ती पोर ओशाळून रडत होती. मी मात्र पुढचे कित्येक दिवस प्रत्येक मजल्यावर जाऊन माफी मागत होते, कारण खोली माझ्या नावावर होती. अग्निशमन दल आलं, तर त्याचं बिलही यजमानाच्या माथी पडू शकतं.

माझी रीत अशी: आधी खिडकी सताड उघडायची, दार घट्ट लावायचं, मगच शेगडी. तेल मध्यम आचेवर. मोहरी तडतडली की लगेच बंद करायचं, मिरची आणि हिंग त्या उरलेल्या उष्णतेत टाकायचे. चव तसूभरही कमी होत नाही. घाई केल्यानेच धूर होतो.

किल्ली

जर्मनीतल्या बहुतेक घरांच्या मुख्य दारांना बाहेरून फिरणारं हँडल नसतं, नुसती मूठ असते. दार ओढलं की किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला खाली जातानाही किल्ली घ्या. रविवारी किल्लीवाला बोलावणं फार महाग पडतं.

सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला फिरून येऊ म्हणाल तर जा, डॉइचलँडतिकीट तिथल्या मुख्य स्टेशनापर्यंत चालतं. पण निवासपरवान्याबरोबर पासपोर्टही बरोबर हवा, नुसता फोटो नको. ऑस्ट्रियाकडून येताना 2015 पासून तपासणी होते आणि पोलीस गाडीत चढतात.

रात्री दहानंतर आवाज नको. काचेच्या बाटल्या रविवारी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, त्यावरून शेजारी भांडतात. फ्रिजमधला प्रत्येक कप्पा कुणाचा तरी असतो, विचारल्याशिवाय हात लावू नका. अंथरूण आहे का हे आधी विचारा, नसेल तर आपली चादर न्या.

आणि परतीला शेवटची गाडी धरू नका. रुळांची कामं बरेचदा शनिवार-रविवारीच काढतात. मग गाडीऐवजी बस असते, आणि ती पुढच्या गाडीसाठी थांबत नाही. मी शेवटच्या दोन सोडून त्याआधीची धरते. मैत्रीण म्हणते, "अजून एक चहा घे, मग जा." मी चहा थर्मासमध्ये भरून घेते आणि बूट घालते.