गणपतीला निघालात आणि फोन चिपळूणलाच मेला? डेटा आणि बॅटरीच्या या चुका टाळा

दरवर्षी गणपतीच्या तोंडावर तीच रड असते. पनवेलला गाडीत चढताना फोन १०० टक्के होता, फार काही बघितलं पण नाही, आणि चिपळूण यायच्या आत बॅटरीची लाल पट्टी. मग डब्यातला एखादा जाणकार सांगतो, अरे नेट बंद ठेव ना, नेटच खातं सगळी बॅटरी. आपण नेट बंद करतो, मग गाडी कुठे आली बघायला दर १० मिनिटांनी चालू करतो, परत बंद करतो, आणि एवढं करून कणकवलीला उतरताना फोन मेलेलाच, आणि न्यायला येणाऱ्या रिक्षावाल्या दादाचा नंबर त्याच फोनमध्ये.

तर नेट नुसतं चालू आहे म्हणून बॅटरी फारशी जात नाही. ती जाते रेंज शोधण्यात आणि लांबच्या टॉवरशी बोलण्यात. ही एक गोष्ट कळली की खालच्या निम्म्या चुका आपोआप सुटतात.

नेट बंद केलं म्हणजे फोन शांत झाला असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त लोक करतात. मोबाईल डेटाचं बटण बंद केलं तरी फोनला कॉल आणि मेसेजसाठी टॉवर लागतोच, त्यामुळे रेंज गेली की तो शोधत बसतो, डेटा चालू असो नाहीतर बंद. कोकण रेल्वेवर रोह्यापासून पुढे ९१ बोगदे आहेत, उक्शी आणि भोकेच्या मधला करबुडेचा तर साडेसहा किलोमीटरचा, आणि बोगदे नसतील तिथे डोंगर, दऱ्या, दाट झाडी. म्हणजे रेंज जाते, येते, परत जाते, आणि प्रत्येक वेळी फोन सगळे बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, चाळून काढतो, टॉवर सापडला की नोंदणी करतो, तोवर पुढचा बोगदा.

आणि रेंज पूर्ण जात नाही तेव्हाही खर्च आहेच. आपला ४जी फोन जास्तीत जास्त साधारण २०० मिलिवॅट ताकदीने सिग्नल फेकतो, पण टॉवर जवळ असेल तर याच्या हजाराव्या हिश्श्यात सुद्धा त्याचं भागतं. किती जोर लावायचा ते टॉवरच फोनला सतत सांगत असतो, म्हणजे पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या माणसाला हाक मारताना जसा आवाज चढवावा लागतो तसाच प्रकार. शिवाय हे २०० मिलिवॅट अँटेनातून बाहेर पडणारे झाले, ते तयार करायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट जातात. वर कमजोर रेंजमध्ये स्पीड कमी, म्हणजे जो फोटो दादरला एका सेकंदात गेला असता तो इथे अर्धा मिनिट घेणार आणि तेवढा वेळ फोनचा रेडिओ, म्हणजे सिग्नल पाठवणारा-घेणारा भाग, पूर्ण जोरात चालू.

रेंज मोजायची असेल तर वरच्या दांड्यांवर फार भरवसा ठेवू नका, प्रत्येक कंपनी त्या आपापल्या हिशोबाने दाखवते. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलात की बहुतेक फोनमध्ये सिग्नल स्ट्रेंथचा आकडा दिसतो, डीबीएम या सिग्नल मोजायच्या एककात, मायनसमध्ये. ४जीवर -८५ च्या आसपास असेल तर मस्त, -१०० ला काम चालतं, आणि -११५ च्या खाली गेलं की समजा बॅटरी गळायला लागली. दर १० ला सिग्नल दहापट कमी होतो, त्यामुळे -९० आणि -११० मध्ये दिसायला वीसचा फरक असला तरी प्रत्यक्षात तो शंभरपट आहे.

मग करायचं काय, तर जिथे रेंजचा खेळखंडोबा असतो तिथे सरळ फ्लाइट मोड. खेड सोडलं की फ्लाइट मोड, स्टेशन आलं की काढा, मेसेज घ्या, घरच्यांना कळवा, परत टाका. फ्लाइट मोडमध्ये हल्लीच्या बहुतेक फोनचं जीपीएस चालू राहतं कारण ते सॅटेलाइटकडून नुसतं ऐकतं, त्याला नेट लागत नाही, त्यामुळे गूगल मॅप्समध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गचा ऑफलाइन मॅप आधीच घरच्या वायफायवर उतरवून ठेवला असेल तर गाडी कुठे आली ते बिननेटचं कळतं. ब्लूटूथ हेडफोन पण परत चालू करता येतात. फक्त घरी आधी सांगून ठेवा की मध्ये फोन लागणार नाही, नाहीतर आई चार माणसांना कामाला लावते.

तिकिटासाठी पण नेट लागत नाही हो. आयआरसीटीसीचा एसएमएस आणि ओरिजिनल ओळखपत्र असलं की टीसीला चालतं. टीसी समोर उभा असताना ॲप लोड होत गोल गोल फिरतंय हे दृश्य बघवत नाही.

दर पाच मिनिटांनी चालू-बंद

डेटा चालू केल्या केल्या काय होतं बघा. व्हॉट्सॲप, मेल, फेसबुक, शॉपिंगची ॲप्स, फोटोंचा बॅकअप, सगळे एकदम धावतात, तुंबलेलं सगळं आत घेतात. आणि एवढासा मेसेज आला-गेला तरी रेडिओ लगेच झोपत नाही, साधारण १० सेकंद तसाच जागा राहतो की अजून काही येतंय का. म्हणजे एका तासात १२ वेळा डोकावलात तर १२ वेळा हा सगळा गोंधळ. त्यापेक्षा चांगल्या रेंजमध्ये डेटा चालूच सोडलेला स्वस्त पडतो, कारण नोटिफिकेशनसाठी अँड्रॉइडवर गूगलची आणि आयफोनवर ॲपलची एकच लाइन सगळ्या ॲप्सना मिळून वापरता येते, प्रत्येक ॲपला वेगळं जागं राहावं लागत नाही. बंद करायचंच तर तासभर बंद करा आणि मग सगळी कामं एका दमात उरका.

रिसेंटमधून, म्हणजे नुकत्याच उघडलेल्या ॲप्सच्या यादीतून, ॲप्स सरकवून सरकवून मारणं हा याचाच भाऊ. काही लोकांचा अंगठा आपोआपच तिकडे जातो. २०१६ मध्ये एका ग्राहकाने ॲपलच्या टिम कुकना मेल करून हेच विचारलं होतं, की बॅटरीसाठी ॲप्स मारायची गरज आहे का, आणि ॲपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडरिगींनी उत्तरात साफ नाही म्हणून सांगितलं होतं. मारलेलं ॲप पुन्हा उघडताना पहिल्यापासून लोड होतं, प्रोसेसरला काम, नेटला काम. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे ६.० पासून, डोझ नावाची सोय आहे, फोन स्वस्थ पडून राहिला की तो स्वतःच ॲप्सना झोपवतो आणि ठरावीक वेळाने एकदम उठवतो. अट एवढीच की त्याला स्वस्थ पडू द्यायचं. आणि ते बॅटरी डॉक्टर, क्लीनर, बूस्टर छाप ॲप्स असतील तर आत्ताच काढून टाका, तीच मागे चालू राहून जाहिराती दाखवत बॅटरी खातात.

५जीचा हट्ट, आणि त्याच्या उलट २जीचा जुना सल्ला

भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि शहरात ते आता चांगलंच चालतं, तिथे राहू द्या, काम पटकन उरकतं आणि फोन लवकर झोपतो. पण हायवेला आणि रेल्वेत ५जी तुकड्या-तुकड्यात लागतं, फोन ५जीवरून ४जीवर, परत ५जीवर उड्या मारतो. शिवाय एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या आधारावर चालणाऱ्या ५जीने, त्यात फोनला दोन्ही रेडिओ एकदम सांभाळावे लागतात. प्रवासापुरतं प्रिफर्ड नेटवर्क टाइपमध्ये जाऊन ४जी किंवा एलटीई करा, फरक जाणवेल.

पण कोणीतरी जुना व्हिडिओ बघून २जी करायला सांगेल ते ऐकू नका. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आलं तेच मुळी फक्त ४जी घेऊन, त्याच्याकडे २जी-३जी कधी नव्हतंच, त्यामुळे जिओच्या सिमला २जीवर टाकलंत तर कॉल पण लागणार नाही, आणि फोन नसलेलं नेटवर्क शोधत बसेल ते वेगळंच. बीएसएनएलचं सिम असेल तर मात्र ऑटोवरच राहू द्या, आतल्या गावांत कुठे काय लागेल सांगता येत नाही.

दुसरं सिम

याकडे कोणाचं लक्षच जात नाही. मुंबईत दोन्ही सिमना फुल रेंज असते म्हणून कळत नाही, पण गावी गेल्यावर एकाला रेंज आणि दुसऱ्यावर नुसती फुली. ते फुलीवालं सिम रात्रंदिवस टॉवर शोधत राहतं, तुम्ही फोनला हात लावा नाहीतर नका लावू, सकाळी उठलात की २०-२५ टक्के गायब आणि तुम्ही म्हणता फोन जुना झाला. सेटिंग्जमधून ते सिम बंद करा, काढायची पण गरज नाही. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येत असेल तर तेवढ्यापुरतं चालू करून रेंज असलेल्या जागी जायचं, प्रत्येक वाडीत अशी एक जागा असतेच, कुठे देवळाची पायरी तर कुठे आंब्याखालचा कट्टा, आणि तिथे आधीच चार जण हात वर करून उभे असतात.

घरात वायफाय असेल तर अजून एक मस्त सोय आहे जी फुकट असून लोक वापरत नाहीत, वायफाय कॉलिंग. आपल्याकडे एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ती सुरू केली. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात माजघरात रेंज येत नाही पण वायफाय येतं, मग कॉल पण वायफायवरून घ्या. फ्लाइट मोड टाकून वरून फक्त वायफाय चालू केलंत तरी बहुतेक फोनमध्ये कॉल येतात-जातात, आणि टॉवर शोधायची कटकट संपली.

पावसात लाईट गेली की अजून एक भानगड होते. टॉवर बॅकअपवर चालतो, तो संपला की टॉवर पण झोपतो, म्हणजे नेमकं चार्जिंग करता येत नाही तेव्हाच फोन रेंज शोधत बॅटरी जाळतो. लाईट नाही आणि रेंज पण नाही अशी रात्र असेल तर फ्लाइट मोड टाका आणि झोपा.

आरतीचे व्हिडिओ

लक्षात ठेवा, डाउनलोड होताना जोर टॉवर लावतो, अपलोड होताना जोर तुमचा फोन लावतो. त्यामुळे कमजोर रेंजमध्ये सगळ्यात महाग काम म्हणजे व्हिडिओ पाठवणं. नदीच्या काठावर विसर्जन चालू आहे, रेंज एक दांडी, आणि आपण तीन मिनिटांचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकतोय, तो ९० टक्क्यांवर अडकतो, फेल होतो, परत पहिल्यापासून, खिशात फोन गरम. दुबईच्या काकांना विसर्जन लाइव्ह बघायचं असतं हे मान्य, पण रेकॉर्ड करा आणि घरी आल्यावर वायफायवरून पाठवा, काका दोन तासांनी बघतील.

व्हॉट्सॲपमध्ये स्टोरेज अँड डेटा उघडून मोबाईल डेटावरचं ऑटो डाउनलोड पूर्ण बंद करा, फोटो-व्हिडिओ सगळं. त्या दहा दिवसांत एकच आरती सतरा ग्रुपवरून येते. चॅटचा बॅकअप आणि गूगल फोटोजचा बॅकअप दोन्ही फक्त वायफायवर.

हॉटस्पॉट

गावी गेल्यावर सगळ्या भावंडांना एकाच्याच फोनचं नेट लागतं, आणि ज्याचा पॅक मोठा त्याचा फोन दुपारीच आडवा. हॉटस्पॉटमध्ये फोन एका बाजूने टॉवरशी आणि दुसऱ्या बाजूने पाच फोनशी बोलतो, त्याला क्षणभर झोप नाही. गावातून ऑफिसचं काम करणार असाल तर लॅपटॉपला केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, फोन चार्ज पण होत राहतो. आणि केबल नको असेल तर निदान फोन आपल्या शेजारी अंधाऱ्या खोलीत ठेवू नका. ओटीवर, खिडकीत, माळ्यावर, जिथे रेंज -९० च्या आसपास येते तिथे फोन ठेवा आणि तुम्ही आत बसा, घरातल्या घरात वायफाय पोचवणं लांबच्या टॉवरपर्यंत पोचण्यापेक्षा फोनला खूप सोपं जातं. कोणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद होईल असं सेटिंग असतं, ते चालू ठेवा.

बॅटरी सेव्हर २४ तास

ही उलट्या बाजूची चूक. सेव्हर कायम चालू ठेवला, वर सगळ्या ॲप्सना बॅकग्राउंड बंद केलं, मग व्हॉट्सॲप उघडल्यावरच मेसेज येतात आणि भाऊ स्टेशनवर तासभर वाट बघून निघून गेलेला असतो. काही ब्रँडचे फोन तर न सांगता स्वतःच ॲप्स मारतात, त्यात ऑटोस्टार्ट नावाचं वेगळं सेटिंग असतं. सरसकट आवळण्यापेक्षा सेटिंग्जमधलं बॅटरी युसेजचं पान उघडा, बॅकग्राउंडमध्ये कोण किती खातंय बघा, आणि फक्त त्यांनाच आवळा, बहुतेक वेळा एखादं शॉपिंगचं ॲप, एखादा गेम नाहीतर सतत लोकेशन घेणारं काहीतरी सापडतं. व्हॉट्सॲप आणि बँकेच्या ॲपला हात लावू नका. आणि त्या पानावर सगळ्यात वर जर स्क्रीन दिसली तर नेटला शिव्या देणं बंद करा, ब्राइटनेस खाली आणा.

पॉवर बँक घेताय तर १०००० एमएएच वाचून हुरळू नका, तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, ५ व्होल्टला बाहेर येईपर्यंत हातात साधारण ६०००-६५०० उरतात, म्हणजे हल्लीचा ५००० वाला फोन एकदा नीट भरेल आणि वर थोडं. रात्रीच्या गाडीत चार्जिंग पॉइंटवर अवलंबून राहू नका, बऱ्याच गाड्यांत ते रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवतात, त्यामुळे ११ च्या आत लावून घ्या.

हे सगळं करूनही फोन ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल तर तो नेटचा दोष नाही, बॅटरीच म्हातारी झाली. आयफोनमध्ये सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ बघा; आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलसाठी ॲपलचाच हिशोब ५०० फुल चार्जनंतर ८० टक्के क्षमता असा आहे. आकडा ८० च्या खाली असेल तर बॅटरी बदला, आणि ते काम श्रावणातच उरकून घ्या, गणपतीच्या आदल्या आठवड्यात दुकानात नेमकी तुमच्याच मॉडेलची बॅटरी नसते.