फुकटची एपीआय अचानक पैशांची झाली तर

तुमचं ॲप दुसऱ्या सेवेकडून माहिती मागवतं ती जोडणी म्हणजे एपीआय. ती पुरवणाऱ्याकडून ‘अमुक तारखेपासून एपीआयला पैसे पडतील’ असा मेल आला की संताप येणारच. पण प्लॅन विकत घेण्याआधी किंवा ॲप गुंडाळण्याआधी सर्व्हरचे लॉग (कामकाजाच्या नोंदी) उघडा.

१. एका वापरकर्त्यामागे महिन्याला किती कॉल (एपीआयला केलेल्या विनंत्या) जातात ते काढा. एकूण आकड्यावरून काही ठरवता येत नाही. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने २०२३ मध्ये हजार कॉलना ०.२४ डॉलर दर लावला. ऐकायला किरकोळ. पण रेडिट वाचण्यासाठीच्या अपोलो या ॲपचा सरासरी वापरकर्ता दिवसाला ३४४ कॉल करत होता, म्हणजे माणशी महिना सुमारे अडीच डॉलर. त्या ॲपचं सबस्क्रिप्शन याच्या निम्म्याहूनही स्वस्त होतं. दर कळल्यापासून लागू होईपर्यंत जेमतेम महिना मिळाला आणि ३० जूनला ॲप बंद झालं.

२. वार्षिक सबस्क्रिप्शनची विक्री त्याच दिवशी थांबवा. जुन्या खर्चाच्या हिशेबाने वर्षाचे पैसे आधीच घेतले असतील, तर दरवाढ तुमच्या खिशातून जाते, नाहीतर रिफंड द्यावा लागतो. घाईत नेमकं हेच राहून जातं.

३. आता कॉल कमी करा. तीच माहिती पुन्हापुन्हा मागवत असाल तर कॅश करा, म्हणजे स्वतःकडे साठवून ठेवा. मात्र किती काळ साठवता येते ते अटींमध्ये वाचा, कारण बरेच पुरवठादार त्यावर मर्यादा घालतात. दर मिनिटाला विचारत बसण्याऐवजी वेबहुक (बदल झाला की पुरवठादाराकडून आपोआप येणारा निरोप) मिळतं का पाहा. खर्चाला कमाल मर्यादा आणि अलर्ट लावून ठेवा.

४. पुरवठादाराला आकड्यांसह लिहा, मुदत मागा. सवलती निघतात कधीकधी: दृष्टिहीनांना उपयोगी पडणाऱ्या काही विनाव्यावसायिक ॲप्सना रेडिटने या शुल्कातून वगळलं होतं.

५. एपीआयशी बोलणारा सगळा कोड एका मॉड्यूलमध्ये आणा, म्हणजे पुरवठादार बदलताना बाकीच्या ॲपला हात लावावा लागत नाही. नकाशांसाठी ओपनस्ट्रीटमॅपचा खुला डेटा आणि तो ॲपमध्ये दाखवणारी मॅपलिब्रे ही लायब्ररी हा पर्याय आहे. पण ओपनस्ट्रीटमॅपच्या सार्वजनिक टाइल सर्व्हरवर (टाइल म्हणजे नकाशाचा चौकोनी तुकडा) सगळा भार टाकू नका. तो स्वयंसेवी प्रकल्प आहे आणि जड वापर त्यांच्या धोरणात बसत नाही. स्वतःचा सर्व्हर चालवा किंवा टाइल्स विकत घ्या.

६. एवढं करूनही माणशी खर्च माणशी उत्पन्नापेक्षा जास्त निघाला, तर किंमत वाढवा. ती परवडणारी नसेल तर बंद करण्याची तारीख लवकर जाहीर करा, डेटा एक्सपोर्टचं बटण द्या आणि रिफंडपुरते पैसे बाजूला काढून ठेवा.