एक ओळ म्हणजे नेमकं काय? डेटा ॲनालिटिक्स शिकायला बसण्याआधी

डेटा ॲनालिटिक्सकडे वळणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा 'पायथन आधी शिकू की एसक्यूएल?' हा असतो. उत्तर सरळ आहे: आधी स्प्रेडशीट (एक्सेलसारखी), मग एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) त्यानंतर. पण टूल कुठलंही घ्या, समोरच्या टेबलला एक प्रश्न विचारायची सवय नसेल तर आकडे चुकतात आणि चुकल्याचं कळतही नाही. तो प्रश्न असा: यातली एक ओळ कशाची आहे? एका ग्राहकाची, एका ऑर्डरची, की ऑर्डरमधल्या एका वस्तूची?

प्रश्न बाळबोध वाटतो खरा. आता हे पाहा. ऑर्डरच्या टेबलमध्ये तीन ओळी आहेत, रकमा ५००, ३०० आणि २००. बेरीज १,०००. दुसऱ्या टेबलमध्ये वस्तू आहेत: पहिल्या ऑर्डरच्या तीन, दुसरीची एक, तिसरीच्या दोन. ऑर्डर क्रमांकावर जॉइन केलं, म्हणजे क्रमांक जुळवून दोन्ही टेबलं जोडली, की सहा ओळी होतात आणि ऑर्डरची रक्कम वस्तूगणिक पुन्हा पुन्हा येते. आता बेरीज किती? १,५०० अधिक ३०० अधिक ४००, म्हणजे २,२००. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बिनबोभाट चालली, कुठे लाल अक्षर नाही, आणि विक्री दुपटीहून जास्त झाली! ही चूक नवखेच करतात असंही नाही.

उपाय दोन. जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजायच्या. वाढल्या असतील तर का वाढल्या हे सांगता आलं पाहिजे. आणि ऑर्डरच्या पातळीवरचं उत्तर हवं असेल, तर वस्तूंचं टेबल आधी ग्रुप बाय करून, म्हणजे गट पाडून, ऑर्डरमागे एकच ओळ राहील असं करायचं, मग जोडायचं. काही जण 'डिस्टिंक्ट' (सारखी मूल्यं एकदाच धरणारा शब्द) चिकटवून मोकळे होतात. रकमेवर डिस्टिंक्ट लावून बेरीज केली की ३०० रुपयांच्या दोन वेगळ्या ऑर्डर एकच धरल्या जातात. म्हणजे एक चूक झाकायला दुसरी.

स्प्रेडशीटला महिनाभर पुरतो. सॉर्ट, फिल्टर, पिव्होट टेबल (गटवार सारांश), सम-इफ्स (अटींनुसार बेरीज) आणि एक्स-लुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारं मूल्य आणणारं सूत्र) एवढं हाताला बसलं की पुढे जा. त्याच कामाचा जुना व्ही-लुकअप अजून सगळीकडे भेटतो, त्याची एक खोड माहीत हवी: सूत्रातली चौथी जागा मोकळी सोडली तर तो अंदाजे जुळणी करतो. यादी क्रमाने लावलेली नसेल तर चुकीचंच मूल्य उचलून आणतो, तेही साळसूदपणे. तिथे फॉल्स लिहायचं. एक्स-लुकअप मुळातच अचूक जुळणी करतो.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडणं ही दुसरी वाईट सवय. उघडता उघडता एक्सेल स्वतःच्या अकलेने बदल करतो: '००४५७' चे ४५७ होतात, १६ आकडी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो (अचूकता १५ अंकांपर्यंतच), आणि तारखेसारखं दिसणारं काहीही तारीख बनतं. या शेवटच्या खोडीपायी मानवी जनुकांची काही नावंच बदलावी लागली. मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा होऊन बसणाऱ्या नावांबद्दलचा निर्णय २०२० मध्ये जाहीर झाला. म्हणून फाइल 'डेटा' टॅबमधून आयात करा, क्रमांकांच्या कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवा, आणि मूळ फाइलला कधीही हात लावू नका. काम प्रतीवर करा. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, नाहीतर ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च यावर वाद होतो.

मर्यादाही लक्षात असू द्या. आजच्या एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोरोनाचे जवळपास १६ हजार रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळाले, ते या जुन्या फाइलची मर्यादा संपल्यामुळे. एका चाचणीला अनेक ओळी लागत होत्या, त्यामुळे जागा अपेक्षेच्या फार आधी संपली. पुन्हा तोच प्रश्न: एक ओळ कशाची?

एसक्यूएलला मात्र वेळ द्या, रोज तासभर धरला तरी दोन महिने. अडखळायला होतं ते बहुतेक क्रमामुळे. लिहिताना सिलेक्ट पहिलं येतं, पण तर्काने पाहिलं तर आधी फ्रॉम (कुठल्या टेबलातून) आणि जॉइन, मग व्हेअर (ओळींवरची अट), ग्रुप बाय, हॅविंग (गटांवरची अट), नंतर सिलेक्ट (काय दाखवायचं) आणि शेवटी ऑर्डर बाय (कुठल्या क्रमाने). हे डोक्यात बसलं की सिलेक्टमध्ये दिलेलं टोपणनाव व्हेअरमध्ये का चालत नाही आणि 'पाचहून जास्त ऑर्डर असलेले ग्राहक' ही अट हॅविंगमध्येच का लिहायची, हे पाठ करावं लागत नाही.

मग येतो नल. नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामा मजकूरही नव्हे. 'माहीत नाही' एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे नल बरोबर नल ही तुलनाही खरी ठरत नाही, 'इज नल' लिहावं लागतं. मोजणी करणाऱ्या काउंटमध्ये तारा (*) लिहिला तर सगळ्या ओळी मोजल्या जातात, कॉलमचं नाव लिहिलं तर नल वगळून. सरासरीही नल वगळते: दहा जणांपैकी सहा जणांनी गुण दिले आणि बेरीज २४ आली, तर उत्तर ४ येईल, न दिलेल्यांना शून्य धरलं तर २.४. बरोबर कोणतं ते प्रश्नावर ठरतं, पण ठरवायचं तुम्ही, डेटाबेसने नाही. 'नॉट इन'च्या ('या यादीत नसलेले') यादीत एक जरी नल शिरला तरी एकही ओळ परत येत नाही. आणि लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलच्या सगळ्या ओळी ठेवणारं जॉइन) करून उजव्या टेबलच्या कॉलमवर व्हेअरमध्ये अट घातली, तर न जुळलेल्या ओळी गळून जातात. ती अट ऑनमध्ये (जॉइनची जुळणी लिहितात तिथे) न्या.

सांख्यिकी सुरुवातीला थोडीच लागते. सरासरीची सरासरी काढू नका: एका गटात १० ऑर्डर, सरासरी ५००, दुसऱ्यात ९० ऑर्डर, सरासरी १००. दोन सरासऱ्यांची सरासरी ३००, खरी सरासरी १४०. पगार, विक्री असल्या एकीकडे कललेल्या आकड्यांत मध्यकही (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) सोबत द्या. प्रमाण ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेलं तर वाढ २५ टक्के की एक टक्का-बिंदू (पर्सेंटेज पॉइंट)? दोन्ही म्हणता येतं, म्हणून आधीचा आणि नंतरचा आकडा लिहूनच टाका.

पॉवर बीआय किंवा टॅब्लो या आलेख काढायच्या टूल्सपैकी एक शिका, दोन्ही नकोत. तुलनेला आडवे किंवा उभे बार, काळाला रेषा. पाचाहून जास्त तुकड्यांचा पाय चार्ट कुणालाच वाचता येत नाही. बारचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा.

नोकरीसाठी दहा अर्धवट प्रोजेक्टपेक्षा एक पुरं केलेलं बरं. निदान दोन टेबलं जोडावी लागतील असा डेटा घ्या. सोबत एक पानभर नोंद ठेवा: प्रत्येक टेबलची एक ओळ कशाची, सुरुवातीला किती ओळी होत्या, किती काढल्या आणि का, नल किती होते, त्यांचं काय केलं, शेवटची बेरीज मूळ फाइलच्या बेरजेशी जुळते का. मुलाखतीत दुहेरी नोंदी शोधायला किंवा प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर काढायला सांगतात. दुसऱ्यासाठी रो-नंबर हे विंडो फंक्शन (प्रत्येक गटातल्या ओळींना क्रमांक देणारं) येत असावं. त्यानंतर 'हा आकडा बरोबर कशावरून?' असं कुणी विचारलंच, तर ते पान पुढे करायचं.