गोल चौकात धडक झाली? चूक कुणाची हे ठरवताना या चुका टाळा

गोल चौकात दोन गाड्या घासल्या की पोलीस यायच्या आधीच घोळका निकाल देऊन मोकळा होतो. मोठी गाडी ज्याची, चूक त्याची; नाहीतर ज्याला जास्त लागलं तो खरा. या निकालाला कायद्यात काडीचा आधार नाही, आणि त्यावर विसंबून जागेवर मिटवलेल्या प्रकरणात पुढे जखमीच्या घरच्यांचेच हाल होतात. चूक ठरते ती तीन गोष्टींवरून: गोलात आधीपासून कोण फिरत होतं, कोण आत शिरत होतं आणि धक्का गाडीच्या कोणत्या भागाला बसला.

"मी आधी शिरलो होतो" यावर अडून बसणे

आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डावीकडून चालतात, म्हणून गोलाभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायचं. गोल कायम चालकाच्या उजव्या हाताला राहतो. आत शिरणाऱ्याला फिरती गाडी उजवीकडून येताना दिसते. तिला आधी जाऊ द्यायचं, मग आपण शिरायचं. आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला, हा सगळ्या भांडणाचा पाया.

आता "आधी शिरलो" म्हणजे किती आधी? चौकाच्या तोंडापासून धडकेची जागा 6 मीटरवर आहे असं धरा. ताशी 20 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण साडेपाच मीटर जाते. म्हणजे शिरल्यावर जेमतेम एका सेकंदात धडक झाली. एवढ्या वेळात समोरच्याचा पाय ब्रेकवरसुद्धा पोचत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे: शिरताना उजवीकडची गाडी इतकी जवळ होती का, की तिला ब्रेक मारावा लागला? लागला असेल, तर वाट दिली नाही असाच अर्थ निघतो. उलट शिरलेली गाडी पाव गोल फिरून पुढे गेली आणि मग मागून कुणी भरधाव येऊन धडकलं, तर ती आता स्वतःच फिरती गाडी झाली. तिथे मागच्याची जबाबदारी मोठी.

समोरचा बंपर फुटला म्हणून "यानेच ठोकलं" म्हणणे

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. फिरत्या गाडीच्या तोंडासमोर कुणी अचानक घुसलं, तर फिरत्या गाडीचा पुढचा भाग फुटतो आणि घुसणाऱ्याची उजवी बाजू चेपते. बघणाऱ्याला वाटतं, पुढून ठोकलं म्हणजे चूक फिरणाऱ्याची. पण घुसणाऱ्याच्या उजव्या बाजूला, विशेषतः पुढच्या दाराच्या आसपास पोचा असेल, तर त्याने वाट दिली नाही ही शक्यता जास्त. फिरत्या गाडीची डावी बाजू आणि घुसणाऱ्याचं तोंड असे मार असतील, तरीही बोट घुसणाऱ्याकडेच जातं.

एका गाडीची डावी बाजू आणि दुसरीची उजवी बाजू घासली असेल, तर दोघंही आत फिरत होते का ते पाहा. गोलाला चिकटून फिरणारा अचानक डावीकडे कापून बाहेर पडला, तर मुख्य दोष त्याचा. मात्र बाहेरच्या कडेने जाणारा एकामागून एक बाहेरचे रस्ते सोडून फिरतच राहिला असेल, तर थोडा वाटा त्याच्याही पदरात पडतो. डावा इंडिकेटर कुणी आणि कधी दिला हे इथे महत्त्वाचं. आपल्या रस्त्याच्या अलीकडचा रस्ता ओलांडला की डावा इंडिकेटर द्यायचा, ही साधी सवय असती तर अशी निम्मी भांडणं झालीच नसती.

दारावरचे ओरखडेही बोलतात. गाडीच्या अंगावर ओरखडा पुढून मागे ओढला गेला असेल, तर धडकेच्या वेळी ती गाडी दुसरीपेक्षा पुढे सरकत होती. मागून पुढे असेल, तर दुसरी गाडी जास्त वेगात होती. हे एकट्याने निकाल लावत नाही, पण "मी तर उभाच होतो" हे खरं की खोटं ते कळतं.

तोंडाशी वाट द्यायला थांबलेल्या गाडीला मागून ठोकलं, तर दोष सहसा मागच्याचा, कारण थांबण्यापुरतं अंतर ठेवणं त्याचं काम. पुढचा विनाकारण थांबला, किंवा त्याचे ब्रेकलाइट बंद होते, तर वाटा विभागला जातो.

पुतळा दिसला की गोलाचा नियम लावणे

मराठवाड्यातल्या बऱ्याच चौकांत मधोमध पुतळा आणि चारही बाजूंना सिग्नल असतात. सिग्नल चालू असेल किंवा पोलीस हात दाखवत असेल, तर त्यांचाच आदेश आधी. तिथे "मी उजवीकडून येत होतो" चालत नाही, लाल दिवा तोडला का एवढंच बघितलं जातं. रात्री सिग्नल बंद असेल किंवा पिवळा लुकलुकत असेल, तेव्हाच उजवीकडच्याला वाट देण्याचा हिशेब पुन्हा लागू होतो. आणि अर्धी चक्कर वाचवायला पुतळ्याच्या अलीकडूनच उजवीकडे वळणारा रिक्षावाला किंवा दुचाकीस्वार सरळसरळ उलट दिशेने असतो.

उसाच्या ट्रॉलीला मोटारीचा न्याय लावणे

गाळपाच्या दिवसांत दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चौकात आला की मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. चौकात शिरताना आणि बाहेर पडताना वळण डावीकडे असतं, म्हणून ट्रॉली डावीकडे दाबते. गोलाभोवती फिरताना तीच उजवीकडे, गोलाच्या कठड्याकडे येते. डावीकडून घुसलेली दुचाकी अशीच चेपली जाते. दुचाकीस्वाराने डावीकडून पुढे काढायचा प्रयत्न केला हा त्याचा दोष. पण ट्रॉलीला मागचे दिवे नव्हते, रिफ्लेक्टर नव्हते, ऊस रुंदीच्या बाहेर आला होता, तर ट्रॅक्टरवाल्याचाही वाटा येतो. फोटोत ट्रॉलीची मागची बाजू हमखास घ्या. ट्रॉली रिकामी होऊन निघून गेली की पुरावाही गेला.

फोटो फक्त पोच्यांचे काढणे

कुणी जखमी असेल तर आधी 108 ला फोन, मग 112. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही, हे जमलेल्यांना मोठ्याने सांगा. भीतीपोटीच लोक मागे सरकतात.

मग गाड्या हलवण्याआधी लांबून फोटो घ्या: प्रत्येक रस्त्याच्या तोंडावरून एक, ज्यात पुतळा, विजेचा खांब किंवा दुकानाची पाटी दिसेल. त्यानंतर पुढच्या चाकांची दिशा, ब्रेकचे काळे पट्टे, काचा आणि बंपरखालची गळालेली माती. माती-काचांचा ढीग धडकेच्या जागेजवळ असतो. गाडी मात्र धडकेनंतर पुढे जाऊन थांबलेली असू शकते. वाहतूक तुंबली आणि गाडी हलवावीच लागली, तर चारही टायरांपाशी खडूच्या किंवा विटेच्या तुकड्याने खुणा करा. मृत्यू किंवा गंभीर दुखापत असेल, तर जीव वाचवायला लागेल तेवढंच हलवा, बाकी पंचनाम्यापर्यंत तसंच ठेवा.

शेजारच्या दुकानाचं सीसीटीव्ही त्याच दिवशी बघा, कारण जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ बरेचदा चुकीचं असतं. मोबाइलवर वेळ दिसेल असा तो पडद्याशेजारी धरून दुसऱ्या मोबाइलने फोटो घ्या, म्हणजे फरक किती मिनिटांचा ते कळतं. चित्रण न्यायालयात लागणार असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यासाठी दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा.

जबाबात डावं-उजवं सांगणे, आणि दवाखान्यात "गाडीवरून पडला" म्हणणे

"ती डावीकडून आली" या वाक्यात कुणाची डावी बाजू हेच कळत नाही. लातूरच्या गंजगोलाईला तर सोळा रस्ते येऊन मिळतात. म्हणून रस्त्याच्या नावाने सांगा: मी अमुक रस्त्याने आत आलो, तमुक रस्त्याकडे निघालो होतो, ती गाडी कोणत्या रस्त्याच्या तोंडातून आली. पंचनाम्याचा नकाशा सही करण्याआधी बघा; गोल, बाणांची दिशा आणि धडकेची जागा बरोबर दाखवली आहे का ते तपासा.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र दवाखान्यात होते. जखमीला घेऊन आलेला भाऊ किंवा मेहुणा पोलिसांची कटकट नको म्हणून सांगतो, "गाडी घसरली, पडला." केसपेपरवर आणि एमएलसीत (अपघातासारख्या पोलीस प्रकरणाची दवाखान्यातली नोंद) तेच उतरतं. पुढे भरपाईच्या दाव्यात विमा कंपनी तो कागद काढते: दुसरी गाडी होती हेच कुठे लिहिलंय? मग साक्षीदार आणा, फोटो दाखवा, सगळं दुप्पट जड जातं. म्हणून पहिल्याच नोंदीत दुसऱ्या वाहनाचा नंबर आणि धडक कशी झाली ते सांगा. नंबर माहीत नसेल तर तसं सांगा, पण "घसरून पडला" असं सांगू नका. जागेवर "आमची काही तक्रार नाही" असा कागद लिहून देणंही असंच अंगलट येतं. शिवाय विमा कंपनीला न विचारता चूक कबूल करून पैसे ठरवणं पॉलिसीच्या अटींत बसत नाही.

गुन्हा कुणावर दाखल झाला, तोच दोषी असं धरणे

पोलीस भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 (बेदरकारपणे गाडी चालवणं) किंवा 125 (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) खाली गुन्हा नोंदवतात, पण भरपाईसाठी दोषाचा वाटा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पुराव्यावरून स्वतंत्रपणे ठरवतं. भरपाई 8 लाख ठरली आणि जखमीचा स्वतःचा 25 टक्के दोष निघाला, तर हातात 6 लाख येतात. लायसन्स नव्हतं एवढ्यावरून धडकेचा दोष आपोआप लागत नाही, धडकेशी त्याचा संबंध दाखवावा लागतो.

रिक्षात बसलेल्या प्रवाशाला किंवा दुचाकीवर मागे बसलेल्याला ही कपात सहसा लागत नाही. दोन्ही चालक चुकले असले, तरी तो दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. फक्त आपल्याच गाडीचं नुकसान असेल आणि पॉलिसी फर्स्ट पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान भरून देणारी असेल, तर चूक कुणाची यावर क्लेम अडत नाही; नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि दुरुस्ती मात्र विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघून गेल्यावरच सुरू करायची.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालच्या भरपाईच्या दाव्याला अपघातापासून 6 महिन्यांची मुदत आहे. दावा अपघात जिथे झाला तिथेच करावा लागतो असं नाही, जखमी राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. पुण्यात कामाला गेलेल्या उमरग्याच्या माणसाला चौकात धडक बसली, तर त्याला तारखांना पुण्याला खेपा घालायची गरज नाही.